डावा लावला की उजवाही लुकलुकतो!

प्रश्न : मोटारसायकलचे चारही इंडिकेटर एलईडी केले. आता ते भलतेच भरभर लुकलुकतात आणि डावा लावला की उजवाही लागतो. बल्ब खराब निघाले का?

उत्तर : बल्बांना दोष देऊ नका. जुना बल्ब 10 वॅटचा, एलईडी जेमतेम एक-दोन वॅटचा. इतका कमी करंट गेला की फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, वाटतं एक बल्ब उडाला, आणि तो घाई करू लागतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवा. जास्तीचा करंट ओढणारा रेझिस्टर लावूनही भागतं, पण तो चांगलाच तापतो. माझ्या गाडीत प्लास्टिकला टेकला आणि तिथे फोड आला. तेव्हापासून मी त्याच्या वाटेला जात नाही.

दोन्ही बाजू लागण्याचं कारण मीटरमध्ये आहे. तुमच्या मीटरवर डाव्या-उजव्याला मिळून एकच दिवा असेल, तर तो दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये जोडलेला असतो. त्यातून पलीकडे झिरपणाऱ्या करंटवर जुना बल्ब पेटत नसे. एलईडीला तेवढा पुरतो. तो दिवा काढून पाहा. गोंधळ थांबला, तर दोन्ही बाजूंकडून एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिव्याच्या एका टोकाला आणा आणि दुसरं टोक अर्थिंगला (गाडीच्या सांगाड्याला) द्या. डायोडवरची पट्टी दिव्याकडे हवी. हे मी पहिल्यांदा उलटं लावलं होतं!