वाचक विचारतात : नॅचरल कॉफी करपते कशाने?

प्रश्न : घरच्या छोट्या ड्रम रोस्टरवर मी वॉश्ड (फळाची साल-गर काढून, धुऊन वाळवलेली) कॉफी व्यवस्थित भाजतो. त्याच पद्धतीने नॅचरल (अख्खं फळ वाळवून मग काढलेल्या) बिया भाजल्या, तर टोकं करपली, चवीला मात्र कच्चट गवताळपणा राहिला. काही बियांना तर रंगच चढला नाही. आच कमी करू की वेळ वाढवू?

उत्तर : आच कमी कराच, पण त्याआधी कच्च्या बिया ताटात पसरून नीट बघा. मी कॉफी भाजते तशी वाळवतेही, त्यामुळे माझा पहिला संशय नेहमी वाळवणावर.

रंग न चढलेल्या बियांचा आचेशी फारसा संबंध नाही. त्यांना क्वेकर म्हणतात. त्या बहुतेक करून कच्च्या तोडलेल्या फळांच्या असतात. वॉश्ड पद्धतीत कच्चं फळ पल्परमध्ये, म्हणजे साल काढणाऱ्या यंत्रात, साल सोडत नाही, त्यामुळे तिथेच बाजूला पडतं. नॅचरलमध्ये अख्खं फळ सालीसकट वाळतं आणि एकदा काळं पडलं की कच्चं कुठलं, पिकलेलं कुठलं, ओळखू येत नाही. भाजून झाल्यावर त्या वेचून टाका. चार-दोन राहिल्या तरी कपात कागदी, शेंगदाण्याच्या सालासारखी चव उतरते.

आता वाळवण. पाण्याची टंचाई असलेल्या येमेन-इथिओपियाची ही जुनी रीत. दिसते सोपी, पण जीव खाते. उंच जाळीवर सुरुवातीला एकाच फळाचा थर हवा आणि दिवसभर हात फिरवत राहावं लागतं. बीमधला ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास यायला दोन ते चार आठवडे जातात. वाळलेलं फळ कानाशी हलवलं की आत बी खुळखुळते, तो आवाज मला ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या आकड्याइतकाच लागतो. कडक उन्हात घाई केली तर साल कडक होते नि आत ओल राहते. जाड थर लावून आळस केला तर बुरशी लागते. असमान वाळलेल्या बिया एकसारख्या भाजणं कुणालाच जमत नाही.

तुमच्या बिया एकसारख्या दिसत असतील, तर रोस्टर वॉश्डपेक्षा १०-१५ अंश कमी तापवून बिया टाका आणि आच हळूहळू वाढवा. नॅचरल बीचा पृष्ठभाग चटकन करपतो. पहिली तडतड, म्हणजे बिया तडकल्याचा पहिला आवाज, साधारण १९६ ते २०५ अंशांच्या दरम्यान होते. नॅचरलमध्ये ती बरेचदा विस्कळीत येते, म्हणून कानाइतकंच नाकावर भिस्त ठेवा. तडतडीच्या थोडं आधी आच उतरवा आणि नंतर एक-दीड मिनिट द्या.

वरच्या रंगावर जाऊ नका. वॉश्ड बीच्या मधल्या चिरेत पापुद्रा फिकट राहतो, नॅचरलमध्ये तोच तपकिरी होतो, त्यामुळे बी आहे त्यापेक्षा जास्त भाजल्यासारखी वाटते. चिमूटभर दळून बघा : पूड बीच्या रंगापेक्षा फारच फिकट दिसली, तर आत आच पोचलेली नाही. तुमचा गवताळपणा तिथलाच. आणि नॅचरलमध्ये कोंडा, म्हणजे भाजताना सुटणारा हा पापुद्रा, जास्त सुटतो, तेव्हा त्याचा डबा दर घाण्यानंतर रिकामा करा. तो पेट घेतो.

भाजलेली कॉफी आठवडाभर तरी मुरू द्या. ताजेपणी येणारा दारूसारखा वास त्यात बराच निवळतो. कच्च्या बियांना मनुकांसारखा वास येत असेल तर उत्तम. व्हिनेगरचा किंवा कुबट वास आला, तर मात्र भाजत बसू नका, माल परत करा.