मोहल्ला समिती जरूर काढा, फक्त नावांची यादी देऊ नका

दोन गल्ल्यांतल्या पोरांच्या सततच्या मारामाऱ्या, पोलीस येऊन हाताला लागेल त्याला उचलणार, आणि आता ठाण्यातूनच निरोप की मोहल्ला समिती, म्हणजे वस्तीतली माणसं आणि पोलीस यांची एकत्र बसणारी समिती, काढा. काढावी का, असं तुम्ही विचारलंय. वाचून वाटलं, आमच्याच वस्तीबद्दल कुणीतरी लिहिलंय. काढाच. बैठक कशी बोलवायची वगैरे तुम्हाला कळतंच, मी थेट आमचं वाटोळं कुठं झालं त्यावर येतो.

समिती बरी चालली होती. बीट अंमलदार (आमच्या भागाचे पोलीस) येता-जाता थांबायचे, बायका बिनधास्त फोन करायच्या, काही भांडणं दगड उचलायच्या आतच मिटली. मग गणपतीच्या तोंडावर ठाण्यातून मागणी आली: तापट पोरांची नावं द्या, बोलावून समजावतो. समितीनं भरवशावर दिली. समजावणं राहिलं बाजूला, त्याच यादीवरून चॅप्टर केसेस झाल्या, म्हणजे शांतता राखीन असं बंधपत्र लिहून घ्यायची प्रतिबंधक कारवाई. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२६.) पोरं सहायक पोलीस आयुक्तांच्या ऑफिसबाहेर बंधपत्र लिहून द्यायला उभी. त्यातला एक पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत होता, त्याचा चारित्र्य पडताळणीचा दाखला अडकला. वर ठाण्यातूनच कुणीतरी त्याच्या घरच्यांना सांगितलं की नाव तुमच्या समितीनंच दिलंय. ठाण्याचं नाव लिहीत नाही. साहेबांची बदली झाली. आम्हाला रोज त्याच गल्लीतून जायचंय. ज्या बायका फोन करायच्या, त्या आमच्याशी बोलेनाशा झाल्या.

सगळा दोष एका साहेबाचा म्हणणार नाही. वरून विचारणा होते ती प्रतिबंधक कारवाया किती केल्या याची. एखादं पोर समजावून घरी पाठवलं तर ते लिहायला तक्त्यात रकानाच नसतो.

भिवंडीचं उदाहरण लोक देतात, पण अर्धंच. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं हे यंत्रमागांचं गाव. तिथं १९८० च्या दशकाच्या शेवटी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांचा भर पुढाऱ्यांवर नव्हता, दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांवर होता, आणि त्या भागाचा पोलीस त्यांच्यात नेमानं बसायचा, सण असो वा नसो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांचं काम उभं केलं ते त्यानंतर, १९९४ मध्ये. पण त्याच भिवंडीत २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दंगल झाली, गोळीबारात माणसं गेली आणि जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. हा अर्धा भाग भाषणांत येत नाही.

आता माझी मतं, पटली तर घ्या. सणाआधीची शांतता समितीची बैठक म्हणजे मंडळांचे अध्यक्ष, चहा-बिस्किटं आणि फोटो. तिला मोहल्ला समिती समजू नका. ओळखपत्रं वाटतो म्हणाले तर नको म्हणा. आमच्याकडे कार्ड मिळताच दोघे-तिघे लोकांची प्रकरणं 'मिटवून' द्यायला लागले, पैसे घेऊन. पोराबद्दल काही सांगायचंच असेल तर आधी त्याच्या घरी सांगा, पोलिसांना तिथंच बोलवा, कागदावर काही नको. गंभीर गुन्हा असेल तर अर्थात ही पथ्यं बाजूला. तिथं सरळ तक्रार द्या.

बैठक ठाण्यात घेऊ नका, शाळेच्या वर्गात घ्या. बायका हव्या असतील तर वेळ पाणी येऊन गेल्यानंतरची. आणि पहिल्याच बैठकीत दंगल, एकोपा असले विषय काढू नका. खांबावरचा बंद दिवा, दारूच्या गुत्त्यामागचा अंधार, असलं काहीतरी घ्या आणि महिन्याभरात ते झालंय का हे साहेबांनाच सगळ्यांसमोर विचारा.

मी वकील नाही, एकाच ठाण्याचा अनुभव आहे, तुमचे साहेब चांगलेही असतील. तरी अर्ज द्याल त्याची पोहोच ठाणे अंमलदाराकडून शिक्क्यासकट घ्या आणि झेरॉक्स दोन घरांत ठेवा. बदली झाली की नवे साहेब म्हणतात, समिती? कुठली समिती?