मी घरी आले की मुलगी रडायला लागते

"दिवसभर ती आजीजवळ शहाण्यासारखी असते, मी दारात पाऊल टाकलं की मात्र हट्ट आणि रडारड सुरू होते. माझं काही चुकतं आहे का?" नोकरी करणाऱ्या अनेक आया मला हा प्रश्न विचारतात. एका कुटुंबाचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ठाण्यात राहणाऱ्या या बाई बँकेत नोकरी करतात. त्यांची चार वर्षांची मुलगी छोट्या शिशूत जाते, शाळा सुटल्यावर आजीजवळ असते आणि आई सातच्या सुमारास घरी पोहोचते. पहिल्या भेटीत त्यांनी आदल्याच संध्याकाळचा प्रसंग सांगितला. मुलीने तूप-गूळ-पोळी मागितली, आईने घास सोपे व्हावेत म्हणून पोळीचे तुकडे केले आणि मुलीला हवी होती सुरळी. दुसरी पोळी पुढे केली तर तीही नको; मोडलेलीच पोळी पुन्हा जोडून हवी. बराच वेळ आकांत चालला, अखेर आईने पाठीत धपाटा घातला आणि मुलगी हुंदके देत उपाशीच झोपली. "दिवसभर गुणी असते हो पोर, तू आलीस की हिच्या अंगात येतं," असे सासूबाई म्हणाल्या, आणि हे वाक्य बाईंच्या मनाला फार लागले होते. मुलीला आपण नकोशा झालो आहोत, असाच अर्थ त्यांनी काढला होता.

मी त्यांना एवढेच विचारले, की रडून झाल्यावर ती शांत कोणाजवळ होते? क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "माझ्याजवळच. आजीकडे जातच नाही." मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांचे निरीक्षण करताना, मूल रडले की नाही यापेक्षा, आई परतल्यावर ते तिच्याकडे येते का आणि तिच्या सहवासात सावरते का, याला अधिक महत्त्व दिले होते. चार वर्षांच्या मुलीला शाळेत रांगेत उभे राहायचे असते, खेळणे वाटून घ्यायचे असते, आजीचे ऐकायचे असते. स्वतःला आवरून धरण्याची तिची क्षमता अजून घडत असते आणि संध्याकाळपर्यंत ती संपून जाते. मग जिच्यासमोर स्वतःला आवरण्याची गरज वाटत नाही, त्या व्यक्तीपुढे सगळे बाहेर पडते. पोळी हे केवळ निमित्त असते.

बाईंना मी रोजच्या संध्याकाळी वहीत टिपून ठेवायला सांगितल्या. सुरुवातीच्या नोंदींत फक्त स्वतःवरचे दोषारोप होते, म्हणून मी झोप, जेवण आणि घरात शिरल्यानंतरची पहिली काही मिनिटे यांबद्दलही लिहायला सुचवले. तेव्हा चित्र स्पष्ट झाले. मुलगी रात्री साडेदहाला झोपत होती, शाळेसाठी साडेसहाला उठत होती आणि दुपारची झोप जवळजवळ सुटली होती. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. येथे ती आठ तासांवर आली होती. जेवण सर्वांबरोबर नऊनंतर होत होते, आणि आई घरात शिरताना बहुधा फोनवर बोलत असे.

आम्ही बदल अगदी थोडे केले. घरी आल्यावर हातपाय धुऊन आईने पंधरा-वीस मिनिटे मुलीजवळ जमिनीवर बसायचे आणि मुलगी सांगेल तोच खेळ खेळायचा. साडेसातला तिला वरणभात, नऊपर्यंत अंथरूण. दुपारी थोडी झोप व्हावी, ही जबाबदारी आजींनी आपणहून घेतली; सूनबाईंवर ठपका ठेवण्याचा विषय मग घरात उरला नाही. रडणे सुरू झाले की स्पष्टीकरणे न देता जवळ बसायचे. हट्ट पुरवायचा नाही, पण रडण्याबद्दल शिक्षाही करायची नाही, हा भेद अनेक पालकांना अवघड जातो आणि बाईंनाही गेला. हात उचलणे मात्र पूर्ण थांबवायचे, यावर मी ठाम होते. झालेल्या धपाट्याबद्दल त्यांनी मुलीची माफी मागितली, तेव्हा मुलीने "तुला पण झोप आली होती का?" असे विचारले. ही नोंद वहीत त्यांनी दोनदा अधोरेखित केली होती.

रडणे पूर्ण थांबले नाही, पण त्याचा काळ आटोपशीर झाला आणि त्या रडण्यातला नकार बाईंना दिसेनासा झाला. मूल शाळेतही असेच वागत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल किंवा शिकलेले बोलणे मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. आईलाच सतत उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, तर १४४१६ या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत क्रमांकावर तिने स्वतःसाठी बोलावे. त्यासाठी मुलीचे वागणे सुधारण्याची वाट पाहू नये.