मुलाचं ओसीआय आणि करवीरमधली शेती

दादा, मुलानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्या आणि नातवाच्या ओसीआयसाठी (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) कोल्हापुरातून कोणते कागद पाठवायचे, आणि दिवाळीला तो आला की करवीरमधली उसाची जमीन बक्षीसपत्रानं त्याच्या नावावर करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. जमिनीचं आधी सांगतो, कारण घाई तिथंच दिसतेय.

बक्षीसपत्र करू नका. ओसीआयवाल्याला घर, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन किंवा फार्महाऊस मात्र विकतही घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही नाही. वारसानं आलेली जमीन चालते. तुमच्या माघारी वारस नोंद होऊन सातबारावर त्याचं नाव लागू शकतं. पुढं विकायची झाली तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा. तेव्हा चांगला वकील गाठून मृत्युपत्राचं बघा.

आता पासपोर्ट. तिकडचं नागरिकत्व घेतलं की आपलं संपतं, दोन्ही ठेवायची सोय भारतात नाही. जुन्या पासपोर्टची मुदत शिल्लक असली तरी त्यावर प्रवास करायचा नाही. दिवाळीला येतानाही नाही. कार्ड तोवर हातात आलं नाही तर सरळ व्हिसा काढून यावं. पासपोर्ट सरेंडर करून त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि रद्द होऊन परत आलेला पासपोर्ट जिवापाड जपायचा. मुलाच्या अर्जाचा मुख्य आधार तोच, आणि नातवाच्याही. माझ्या लेकीचा तसा पासपोर्ट हातात घेतला तेव्हा पोटात कालवलं होतं, खोटं कशाला सांगू.

आमचं घोडं अडलं ते नातीच्या अर्जाला. लेकीच्या भारतीय पासपोर्टवर माहेरचं आडनाव इंग्रजीत डब्ल्यू घालून, नातीच्या तिकडच्या जन्मदाखल्यावर तेच व्ही घालून. एका अक्षरापायी आई आणि मूल यांचं नातं कागदावर जुळेना. अर्ज भरून देणाऱ्यानंही बघितलं नव्हतं. मग राजारामपुरीतल्या घरी माळ्यावरची ट्रंक उतरवली. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘कु.’ आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, निळ्या शाईत. तो दाखला, महापालिकेचा जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र एवढं जोडलं तेव्हा गाडी हलली. यात दोन महिने गेले. म्हणून पैसे भरायच्या आधी मुलाला सगळे कागद शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडायला सांगा. आपल्याकडं मधलं नाव वडिलांचं असतं, तिकडं ते कधी गळतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं.

अर्ज ऑनलाइन भरून तो राहतो तिथल्या केंद्रातून जातो. सरकारी फी 275 डॉलर, सेवाशुल्क वेगळं. फोटो चौकोनी, दोन इंची. नातू अल्पवयीन असल्यामुळे आई-वडील दोघांची संमती लागते. सून मूळची भारतीय नसेल आणि नवऱ्याच्या नात्यानं अर्ज करणार असेल तर लग्न नोंदवलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं हवं.

कार्ड म्हणजे आजन्म व्हिसा. कितीही वेळा या, कितीही राहा. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही. वयाच्या 20 वर्षांपर्यंत नवा पासपोर्ट काढला की त्याची प्रत आणि ताजा फोटो पोर्टलवर टाकायचा, विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टला कार्ड नव्यानं करून घ्यायचं. नातवाच्या बाबतीत हे ध्यानात राहू द्या.

मुलाचा शाळेचा दाखला सापडत नसेल तर दिवाळीची वाट बघू नका, शाळेत आत्ताच अर्ज देऊन दुसरी प्रत मागा.