धुळ्यात कॉपी चालू असताना लाइट गेली आणि पीसी बंद पडला. पेनड्राइव्हमधला डेटा शाबूत आहे का, कसं तपासू?

मूळ फाइल आणि पेनड्राइव्हवरची फाइल, दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढून जुळवा. विंडोजमधली सर्टयुटिल (certutil) ही कमांड त्याला पुरते. नुसत्या साइजवर जाऊ नका. कॉपी सुरू होतानाच पूर्ण जागा राखली जाऊ शकते, म्हणजे ७०० एमबी दिसतात आणि अर्ध्यापुढे नुसता कचरा. विंडोजचं चेकडिस्क (chkdsk) फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदी, तपासतं, फाइलीतला मजकूर नाही. त्यातली दुरुस्ती चालवण्याआधी जेवढं वाचता येतंय तेवढं दुसरीकडे काढून घ्या. मूळ प्रत नसेल तर अवघड आहे. झिप असेल तर सेव्हन-झिपची टेस्ट तरी होते. पेनड्राइव्हच्या चिपचीच शंका असेल तर तो रिकामा करून एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून बघा. मात्र त्याआधी पेनड्राइव्हवरच्या जुन्या फाइलीही जुळवाच: लिहिताना वीज तुटली की फ्लॅशमधला (पेनड्राइव्हच्या मेमरीतला) आधीचा डेटाही बिघडू शकतो.