आयर्लंडच्या काउंटी कौन्सिल निवडणुकीत जास्त मतं मिळवणारा पडतो आणि कमी मतांचा निवडून येतो, हे कसं?

तुमच्या भावाने डब्लिनहून निकालाचा तक्ता पाठवला. त्यात पहिल्या मोजणीत सहावा असलेला उमेदवार पडलाय आणि आठवा निवडून आलाय. मोजणीत गडबड झाली का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय, भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या भावाला तिथे मत देता येतं का, हेही.

गडबड नाही. मी डब्लिनच्या उत्तरेकडच्या फिंगल काउंटीत राहतो. 7 जून 2024 ला कौन्सिलसाठी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषद-महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेसाठी, मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी मोजणीच्या हॉलमध्येही उभा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ही पसंतीक्रमाने मत द्यायची पद्धत आपल्याला परकी नाही. जून 2022 मधली महाराष्ट्रातली राज्यसभेची निवडणूक आठवा. सहाव्या जागेच्या लढतीत शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची 33 मतं होती आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना 27. निवडून आले महाडिक. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना 48-48 मतं पडली होती. कोट्यावरची, म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या मतांच्या वरची, त्यांची जादा मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. आपल्याकडे असं मतदान आमदारच करतात, फार तर पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात पसंतीक्रमाशी गाठ पडते. आयर्लंडमध्ये 1919 साली स्लायगो शहराने ही पद्धत वापरून बघितली, पुढच्या वर्षी ती देशभर आली आणि तेव्हापासून दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे असंच मत देतात. मतपत्रिकेवर आडनावाच्या क्रमाने उमेदवार, शेजारी फोटो. तुम्ही 1, 2, 3 असे आकडे घालत जायचं, हवं तिथे थांबायचं.

आता भावाचा तक्ता. समजा सहा जागा आहेत आणि वैध मतं 14,000. जागांमध्ये एक मिळवायचा, म्हणजे सात. 14,000 भागिले सात, दोन हजार. त्यात एक मिळवला की कोटा 2,001. तो गाठणारा निवडून आला आणि त्याच्याकडे जादा मतं असली, तर ती पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीच कोटा गाठत नसेल तर सगळ्यांत तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका एकेक बघून 2 आकडा ज्याच्यापुढे असेल त्याच्या गठ्ठ्यात जातात. पुन्हा मोजणी, पुन्हा एक बाद. तुमचा सहाव्या क्रमांकाचा माणूस बहुधा असा असणार, ज्याचे पाठीराखे पक्के, पण बाकी कोणी त्याला दुसरी-तिसरी पसंती देत नाही. आठवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना चालणारा. बाद होणाऱ्या प्रत्येकाकडून त्याला शंभर-दीडशे मतं येत राहिली आणि तो पुढे सरकला. शेवटची जागा बऱ्याचदा कोटा न गाठताच भरते, कारण तोवर अनेक मतपत्रिकांवर पुढची पसंतीच उरलेली नसते. म्हणून तक्त्याचा पहिला रकाना बघून थांबू नका, उजवीकडे शेवटपर्यंत जा.

हॉलमधलं दृश्य मला फार आवडलं. पेट्या उघडल्या की कर्मचारी मतपत्रिका उलगडून सरळ करतात. अडथळ्याच्या अलीकडे सगळ्या पक्षांचे लोक हातात पाटी-कागद घेऊन उभे असतात आणि प्रत्येक मतपत्रिकेवरचा 1 कोणापुढे आहे ते टिपत जातात. त्यांना टॅलीवाले म्हणतात. मी आमच्या वसाहतीतल्या एका अपक्ष उमेदवारासाठी टिपत होतो. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष आपापली टिपणं एकत्र करतात, आणि पहिली अधिकृत मोजणी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी कुठल्या पेटीत कोणाला किती, हे सगळ्यांना कळलेलं असतं. आमचा उमेदवार मधल्या एका फेरीत बाद झाला. पण त्याची मतं कोणाकडे जातात हे बघायला विरोधकच आमच्याभोवती गोळा झाले. पडलेल्या माणसाचं मतही तिथे वाया जात नाही. मी वाढलो त्या निवडणुकांत हे कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते मनापासून पटलं.

देशभराचा निकाल असा: 31 कौन्सिलं, 949 जागा. फिएना फॉल 248, फिना गेल 245, अपक्ष 186, शिन फेन 102, लेबर 56, सोशल डेमोक्रॅट्स 35. ग्रीन पक्ष 49 वरून 23 वर आला. अपक्षांचा आकडा बघा! गावात माणूस ओळखीचा असला की पक्ष मागे पडतो. म्हणूनच या निकालावरून संसदेच्या निवडणुकीचं भाकीत करू नये. शिन फेनने 2019 च्या कौन्सिल निवडणुकीत जवळजवळ निम्म्या जागा गमावल्या, आणि जेमतेम नऊ महिन्यांनी संसदेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं त्यांनाच पडली.

कौन्सिलच्या हातात असतं तरी काय? घरं, स्थानिक रस्ते, वाचनालयं, उद्यानं, अग्निशमन, बांधकाम परवानग्या. पोलीस आणि शाळा नाहीत, पाणीही दहा-बारा वर्षांपूर्वी राष्ट्रीय कंपनीकडे गेलं. रोजचा कारभार न निवडलेला मुख्य अधिकारी चालवतो, आपल्या महापालिका आयुक्तासारखा. नगरसेवक अंदाजपत्रक आणि विकास आराखडा मंजूर करतात, आपल्यातून एका वर्षासाठी अध्यक्ष किंवा महापौर निवडतात. अपवाद लिमरिकचा. तिथे त्याच दिवशी लोकांनी थेट महापौर निवडला, जॉन मोरान, अपक्ष.

आता भावाबद्दल. हो, त्याला मत देता येतं! संसदेसाठी नाही, पण कौन्सिलसाठी 18 पूर्ण झालेला, तिथे राहणारा कोणत्याही देशाचा नागरिक मत देऊ शकतो, आणि उभाही राहू शकतो. इथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत मी दहा जणांना विचारलं, सात जणांना हे ठाऊकच नव्हतं. वाईट वाटलं. फुटपाथ, खेळाचं मैदान, नवीन वसाहतीची परवानगी, ज्यावर आपण व्हॉट्सॲपवर तासन्‌तास बोलतो, ते सगळं याच कौन्सिलमध्ये ठरतं.

कौन्सिलमधून आयर्लंडच्या पंतप्रधानपदापर्यंत गेलेल्या लिओ वराडकरांचं उदाहरण आमच्याच काउंटीतलं. वडील अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. लिओ 1999 मध्ये कौन्सिलची निवडणूक हरले. 2003 मध्ये एक जागा रिकामी झाली. इथे नगरसेवकाची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही, सभागृहच नवा सदस्य घेतं. तसे ते फिंगल कौन्सिलमध्ये आले. पुढच्याच वर्षी पहिल्या पसंतीची 4,894 मतं, त्या निवडणुकीत देशात सर्वाधिक. 2017 मध्ये पंतप्रधान.

पुढची निवडणूक 2029 मध्ये आहे. भावाला सांगा, मतदारयादीत नाव ऑनलाइन घालता येतं, त्यासाठी तिथला पीपीएस क्रमांक (आपल्या आधारसारखा ओळख क्रमांक) आणि एअरकोड (घराचा पिनकोड) हाताशी ठेवायचा.