पिशवी कोणत्या खांद्यावर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पार्ल्यातल्या एका वाचनालयानं तुमच्या कॉमिकमधल्या पात्रावर फॅन आर्ट स्पर्धा ठेवली. १४० चित्रं आली, परीक्षक म्हणून तुम्हालाच बसवलं आणि संयोजकांनी पाच रकान्यांचं गुणपत्रक हातात दिलं. त्यात एक चित्र तुमच्या मावसबहिणीच्या मुलीचं निघालं. आता हे निभवायचं कसं?

स्पष्टच सांगतो, त्या हॉलमधले सगळ्यात कच्चे परीक्षक तुम्हीच असणार आहात. चित्रकार म्हणून नाही, पात्राचे जन्मदाते म्हणून. आपलं पोर शेजारणीच्या कडेवर दिसलं की आईची नजर आधी त्याच्या टोपीकडे जाते, बरोबर बांधलीय ना म्हणून. आपलंही तसंच होतं. समोरचं चित्र कसं आहे हे बघायच्या आधी आपण त्यात आपलं काय काय चुकवलंय ते मोजायला लागतो.

मी असा चार वेळा बसलोय आणि पहिल्याच वेळी तोंडघशी पडलोय. माझं पात्र म्हणजे बेस्टचा एक कंडक्टर, रात्रीच्या शेवटच्या बसमध्ये भुतांना तिकिटं देणारा. अगदी जुन्या वळणाचा: खाकी कपडे, चामड्याची पिशवी, तिकिटांची पत्र्याची पेटी आणि हातात टकटक वाजणारा पंच. मशीनबिशीन नाही. पहिल्या स्पर्धेत एक चांगलं, जोरकस चित्र मी बाजूला ठेवलं, कारण त्यात पिशवी उजव्या खांद्यावर होती. माझा कंडक्टर ती डाव्या खांद्यावर घेतो. ‘एवढं तरी बघून काढायला हवं होतं,’ असं वर ऐकवलंही. बक्षीस समारंभ संपल्यावर सहावी-सातवीतला एक मुलगा माझाच तिसरा अंक उघडून समोर उभा राहिला. “काका, हे बघा, इथे तुम्हीच उजवीकडे काढलीय.” खरंच काढली होती. संवादाचा फुगा बसेना म्हणून मी ती चौकट आडवी उलटी करून घेतली होती. बिल्ल्यावरचा नंबर तेवढा आठवणीनं सुलटा केला, पिशवी विसरलो. चित्र त्या मुलाचं नव्हतं, हे आणखी लागलं.

तेव्हापासून कुठल्याही स्पर्धेच्या आदल्या रात्री मी एक काम करतो. एका कागदावर लिहून काढतो की माझ्या पात्राचं काय गेलं तर ते पात्रच उरणार नाही. तीन-चार गोष्टींच्या वर यादी जात नाही. कंडक्टरच्या बाबतीत: पंच, भुताशीही उतारूशी बोलावं तसं बोलणं आणि सुट्ट्या पैशांवरून होणारा त्रागा. बस्स. नाक, उंची, खांदा, मिशीचं टोक हे सगळं माझ्या हाताचं आहे, पात्राचं नाही.

हा फरक पटत नसेल तर आपल्या लहानपणच्या कॉमिकमधल्या वेताळाकडे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमकडे बघा. ली फॉकनं तो १९३६ साली आणला. चित्रं आधी रे मूरची, मग विल्सन मॅकॉयची आणि १९६१ पासून साय बॅरीची. मूरचा वेताळ सावल्यांतला, मॅकॉयचा जरा ठोकळेबाज, बॅरीचा व्यायामशाळेतून आलेला. तिघांचे चेहरे शेजारी ठेवले तर भाऊसुद्धा वाटणार नाहीत. तरी १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाल्यावर भाड्याच्या वाचनालयातून अंक आणून वाचणाऱ्या कुणाला ‘हा आपला वेताळ नव्हे’ असं वाटलं नाही. कवटीची अंगठी होती, जबड्यावर उमटणारा तिचा ठसा होता, काम झालं. मग आपण तरी आपल्या मॉडेल शीटची, म्हणजे पात्र कसं दिसतं ते ठरवून देणाऱ्या नमुन्याच्या कागदाची, सोवळ्यासारखी जपणूक का करायची?

आता गुणपत्रक. साम्य २०, रेखाटन २०, रंग २०, मांडणी २०, कल्पकता २०, असंच असणार ते. परत करा. सगळीकडे १४ मिळवणाऱ्या चित्राचे ७० होतात. दोन रकान्यांत पैकीच्या पैकी आणि बाकी तिन्हींत ८, ८, १० मिळवणाऱ्याचे ६६. म्हणजे ज्यात खटकण्यासारखं काही नाही आणि लक्षात राहण्यासारखंही काही नाही, ते चित्र पहिलं येतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दुसऱ्या स्पर्धेत असंच पत्रक होतं आणि त्यात एक चित्र एकोणिसाव्या नंबरवर गेलं. शाईचं, रंग नाहीच. माणसांचे हात म्हणजे भेंड्या. पण विषय असा की माझा कंडक्टर बसच्या दारात उभा आहे आणि खाली रस्त्यावर ट्रामचा कंडक्टर, त्याच्यासारखीच पिशवी लावलेला, पाय नसलेला. दोघं एकमेकांना तिकीट देताहेत. रस्त्यात रूळ रेखाटलेत आणि ते बसच्या चाकाखाली येऊन संपतात. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. या शहरात ट्रामच्या भुताइतकं हक्काचं भूत दुसरं नाही आणि नऊ अंक काढूनही मला ते सुचलं नव्हतं! माझ्या शेजारी परीक्षक म्हणून एक निवृत्त ग्रंथपालबाई होत्या. कॉमिक्समधलं त्यांना फारसं कळत नव्हतं. त्यांनी ते चित्र ढिगातून काढून माझ्यापुढे सरकवलं आणि इतकंच विचारलं, “हे तुमच्या गोष्टीत आहे का हो?” नव्हतं. पत्रक बाजूला ठेवून आम्ही पहिलं बक्षीस त्याला दिलं. संयोजक नाराज झाले, बेरजा आधीच फळ्यावर लिहून झाल्या होत्या.

म्हणून माझी पद्धत अशी. परीक्षक किमान दोन असावेत आणि दुसरा आपल्या धंद्यातला नसावा. दोघांनी न बोलता आपापली दहा चित्रं निवडायची. दोन्हीकडे आलेली सरळ पुढे. एकाकडेच आलेल्यांवर भांडायचं, आणि भांडताना ‘आवडलं’ हा शब्द वापरायचा नाही, चित्रात काय दिसतं ते बोट ठेवून सांगायचं. १४० चित्रांना मिनिटभर दिलं तरी दोन तास वीस मिनिटं होतात, तेव्हा एका बैठकीत उरकू नका. आणि शेवटी पहिली वीस-पंचवीस परत बघा. सुरुवातीला आपण एकतर फार कडक असतो नाहीतर फार भाबडे. डोळा बसायला तेवढी चित्रं लागतात.

नावं झाकून घ्या. मागच्या बाजूला नंबर, नावांची यादी संयोजकांकडे. चित्रं टेबलावर एकेक करून बघू नका. जमिनीवर पसरा आणि दहा फुटांवरून, डोळे बारीक करून बघत फिरा. काळं-पांढरं कुठे पडलंय आणि नजर आधी कुठे जाते ते तेवढ्या अंतरावरूनच कळतं. डिजिटल प्रवेशिका आधी फोनवर नखाएवढ्या करून बघा. नखाएवढी असतानाही आकृती ओळखू आली तर ती पक्की.

मुंबईत एक गोष्ट नक्की भेटेल, ती म्हणजे क्लासचा हात. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत मुलांना स्मरणचित्राची एक ठरलेली मांडणी घटवून देतात: पुढे मोठी आकृती, मध्ये दोन पाठमोरी माणसं, मागे झाड आणि इमारत. तुमचं पात्र त्या मांडणीत अलगद आणून बसवलेली वीसेक चित्रं येतील. दिसायला सफाईदार असतात. मुलांवर राग नको, त्यांना तेच शिकवलंय. पण त्यातल्या एखाद्यानं झाडाच्या जागी काही वेगळं केलं असेल तर तिथे थांबा.

नक्कल ओळखणं फार अवघड नाही. संशय आला की आपली मूळ चौकट अर्धी पारदर्शक करून वर ठेवायची, आणि उलटी करूनही ठेवायची, कारण हुशार मुलं आरशातली काढतात. त्याआधी रेषाच सांगते. स्वतः काढलेली रेषा कुठे जाड, कुठे बारीक होत धावते. गिरवलेली सगळीकडे सारखीच, सरपटत जाते. मात्र गिरवणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. आपणही चौकटी आखून वेताळ मोठा करतच शिकलो की. बक्षीस नाही, एवढंच.

एआयचं मात्र आधी ठरवा, नंतर नाही. नियमांत लिहिलेलं नसेल तर आता कुणाला बाद करणं अन्यायाचं होईल. नियम असेल तर अंतिम दहांकडून कच्ची रेखाटनं किंवा लेयरची (चित्राचे थर सुटे असलेली) फाइल मागा, सगळ्यांकडून, फक्त संशयितांकडून नव्हे. चित्रातली बोटं मोजून एआय ओळखायचे दिवस गेले. तपासणारी ॲप काय सांगतात त्यावर तर मी पोराचं नाव खराब करणार नाही. गेल्या खेपेला एका चित्राबद्दल मला खात्री होती की हे माणसाचं नाही, इतकं गुळगुळीत होतं. ती मुलगी डोंबिवलीहून तीन पानं भरून कच्ची रेखाटनं घेऊन आली, त्यात माझा कंडक्टर सतरा वेळा चुकवलेला होता. मी काही बोललो नव्हतो म्हणून वाचलो. शक्य असेल तर अंतिम फेरीत सगळ्यांना हॉलमध्ये वीस मिनिटं पेन्सिल देऊन बसवा. त्यातून शंका तर मिटतेच, शिवाय मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडतं.

भाचीचं काय? सोपं आहे. आजच संयोजकांना लेखी कळवा आणि तिच्या वयोगटातून बाहेर व्हा. फक्त तिच्या चित्रापुरतं उठून चालत नाही, कारण तिच्याशी टक्कर असलेल्या चित्रांना तुम्ही काय दिलंत हेही कुणीतरी विचारणारच. नावं झाकली म्हणून सुटलो असंही समजू नका. घरातल्या पोरीचा हात आपण झाकल्या डोळ्यांनी ओळखतो. आणि वयोगट केलेच नसतील तर आधी ते करायला लावा. दहा वर्षांच्या मुलीला जेजेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाशेजारी ठेवून दोघांचाही अपमान होतो.

प्रवेशपत्राची मागची बाजू वाचलीत का? ‘सर्व चित्रांची मालकी संस्थेकडे राहील’ अशी एक ओळ बहुतेक ठिकाणी जुन्या फॉर्मवरून उचललेली असते. काढायला सांगा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. शाळकरी मुलांची चित्रं अशी एका ओळीत कशाला घ्यायची? प्रदर्शनात लावायची आणि नावासकट छापायची परवानगी तेवढी पुरते. उलट बाजूनं, तुमच्या पात्राचे हक्क तुमच्याकडे आहेत की प्रकाशकाकडे, तेही करार काढून बघा. प्रकाशकाकडे असतील तर त्यांचं एक पत्र घेऊन ठेवा. ट्रामचं चित्र काढणाऱ्या मुलीला मी रीतसर पत्र लिहून, तिच्या वडिलांची सही घेऊन विचारलं, तेव्हा कुठे दहाव्या अंकात ट्राम आली. श्रेयनामावलीत तिचं नाव आहे आणि मानधनही दिलं. फार नव्हतं, पण मला पहिल्या कामाचं मिळालं होतं त्याहून जास्त.

बक्षिसांबद्दल माझं मत विचाराल तर ढाली नकोत. बोरू, निब, शाईची बाटली, चांगल्या कागदाचं पॅड, आणि पहिल्याला तुमच्या एखाद्या मूळ पानाची भेट. ते पान देताना पोटात गोळा येईल. तरी द्या.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. अंतिम फेरीपर्यंत आलेल्या प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीनं एक ओळ लिहा. ‘छान प्रयत्न’ नको, त्यापेक्षा कोरं बरं. मी नववीत असताना एका स्पर्धेत चित्र पाठवलं होतं, काही मिळालं नाही. चित्र परत आलं तेव्हा मागे लिहिलेलं होतं, ‘सगळ्यांचे हात खिशात का?’ मला हात काढता येत नव्हते आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशी माझी समजूत होती. परीक्षक कोण होते ते आजतागायत कळलं नाही. त्या सुट्टीत मी दोन वह्या भरून नुसते हात काढले.

आणि हो, चित्रं जमिनीवर पसरायच्या आधी हॉलमधले पंखे बंद करायला सांगा, कितीही उकडलं तरी. आमच्याकडे चहावाल्यानं येऊन भलं करायच्या भावनेनं बटण दाबलं आणि लहान गटाचा निम्मा ढीग खुल्या गटात जाऊन बसला. परत सगळं नंबर जुळवत बसावं लागलं, आणि तोवर चहाही गार झाला.